साडेबाराची सावली

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. ऑफिसात कामाची नोंदवही आहेच, पण तिच्यात "साहेबांना यातलं ओ की ठो कळत नाही" असं लिहिता येत नाही.

चौक मिळाला! शहरातल्या सत्तावीस चौकांतले सिग्नल नव्या पद्धतीवर जायचे आहेत आणि पहिला प्रयोग आमच्या घराखालच्या चौकात, माझ्या देखरेखीखाली. चार खांबांवर आठ कॅमेरे बसतील. कोण येतंय, किती वेगाने येतंय, कुठे वळणार आहे हे यंत्र बघेल आणि त्याप्रमाणे दिवे बदलेल. रिकाम्या रस्त्याला हिरवा आणि खच्चून भरलेल्याला लाल, हा मूर्खपणा बंद. माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे, चालणारा माणूस रस्त्यात असेल तर तो पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांचा लाल दिवा सुटणारच नाही. कमीत कमी चौदा सेकंद आणि पुढे त्याला लागतील तितके.

जेवताना बाबांना सांगितलं. बाबा एकतीस वर्षं वाहतूक पोलीस होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं याच चौकात. शांतपणे घास संपवला आणि म्हणाले, "म्हणजे आता दिवाच माणसाकडे बघणार?"

"हो."

"आणि चुकला तर त्याला कोण ओरडणार?"

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण उलटतपासणी काही सुटत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खांब उभे राहिले. वायरमनशी अर्धा तास हुज्जत. हा आमच्या विभागातला सगळ्यात जुना माणूस. कोपऱ्यावरची हिरवी लोखंडी पेटी काढायला तयार नाही. किल्ली लावून आतला खटका फिरवला की सिग्नल जुन्या, ठरलेल्या वेळांवर जातो. मी म्हटलं, आता त्याची गरज काय? तर म्हणे, "मॅडम, पेटी काय खायला मागते का? राहू दे. कुलूप घालतो." सगळ्याच चौकांत त्याने अशा पेट्या जपून ठेवल्यात आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. राहू दे म्हटलं. एवढ्यासाठी घोडं अडायला नको.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुरू झाला! पहिल्याच दिवशी गाड्यांची सरासरी थांबण्याची वेळ चौऱ्याण्णव सेकंदांवरून एकावन्नवर. साहेबांनी आकडा दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा फोनवर कुणाला तरी वाचून दाखवला.

सकाळी मी मुद्दाम खाली उभी होते. बाबा रोज पावणेअकराला रस्ता ओलांडून शिंपीकाकांच्या दुकानात जातात. तिथे बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो. काका शिवता शिवता खेळतात. साडेबाराला बाबा परत येतात. आई गेल्यापासून दोन वर्षं हाच नेम, रविवार सोडून, कारण रविवारी दुकान बंद. आज बाबा निघाले, काठी टेकत, साठ फुटांचा रस्ता. चौदा सेकंद झाले, वीस झाले, लाल दिवा तसाच. गाड्या चिडीचूप उभ्या. अठ्ठाविसाव्या सेकंदाला बाबा पलीकडे पोचले, मागे वळले आणि खांबावरच्या कॅमेऱ्याला चक्क सॅल्यूट ठोकला. मला भर रस्त्यात रडू आलं. आयुष्यात कधीतरी यांच्या उपयोगाचं काही केलं.

४ मार्च, मंगळवार

डोक्याला ताप. शिंपीकाकांच्या दुकानाशेजारी मोठं झाड आहे. ऊन सरकलं की त्याची सावली रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर येते. यंत्राला वाटतं, कुणीतरी हळूहळू रस्ता ओलांडतंय, म्हणून ते गाड्यांना लाल दाखवत बसतं. काल एकदा सलग सहा मिनिटं! लोकांनी हॉर्न वाजवून चौक डोक्यावर घेतला. साहेबांचे चार फोन आले.

६ मार्च, गुरुवार

उपाय सापडला, आणि इतका सोपा की हसू आलं. सावली माणसापेक्षा हळू सरकते. मग नियम घातला: सेकंदाला एक फुटापेक्षा हळू हलणारं काहीही माणूस धरायचं नाही. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात, नाव 'सावली'. सावल्यांची चित्रं साठवून जागा अडवायची नाही, फक्त वेळ आणि कुठून कुठे सरकली तेवढं लिहून ठेवायचं. कॅमेरे आणि संगणक पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, "हे आम्हाला सुचायला हवं होतं." मी विनयाने मान खाली घातली, पण मनातून जाम खूश.

१० मार्च, सोमवार

वारा सुटला की फांद्यांची सावली एक फुटापेक्षा जोरात पळते. पुन्हा लाल, पुन्हा बोंब. मर्यादा दीड फुटावर नेली. साहेबांनी विचारलं, "यात कुणी माणूस अडकणार नाही ना?" मी म्हटलं, सर, दीड फुटापेक्षा हळू चालणाऱ्याला चालणं म्हणत नाहीत. सगळे हसले. मंजुरीच्या कागदावर माझ्या सहीखाली साहेबांनी सही केली आणि नियम उरलेल्या सव्वीस चौकांसाठीही पक्का झाला. आता त्यांच्या मंजुरीशिवाय यंत्रात तो बदलता येणार नाही.

१६ मार्च, रविवार

किल्ली विसरून खाली गेले होते. वर येऊन बेल वाजवली तर दार उघडेना. आतून काठीची टकटक ऐकू येत होती, म्हणून सवयीने घड्याळात पाहत राहिले. बाबांच्या खोलीपासून दारापर्यंत वीस फूट. पंधरा सेकंद लागले! बाबांना चिडवलं, "आता तुमच्यासाठीही एक कॅमेरा लावते." ते हसले, पण दाराची चौकट धरूनच. उजवा गुडघा पार गेलाय. डॉक्टरांकडे चला म्हटलं की "उन्हाळा जाऊ दे," म्हणतात. उन्हाळ्याचा आणि गुडघ्याचा काय संबंध, देव जाणे.

१९ मार्च, बुधवार

बाबा जेवताना म्हणाले, "तुझा दिवा हल्ली मला घाई करतो."

"म्हणजे?"

"अर्ध्यात असतानाच गाड्यांना सोडतो. हात केला म्हणून थांबले सगळे."

मी त्यांना नीट समजावलं की ते शक्यच नाही. माणूस पट्ट्यांवर असेपर्यंत दिवा बदलत नाही, तसा तो बनवलेलाच नाही. त्यांनी स्वतःच पाहिलं होतं की पहिल्या दिवशी! त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर तसंच असेल. माझंच काहीतरी चुकत असेल." वाद न घालता बाबा गप्प बसले, हे आठवणीत तरी पहिल्यांदाच.

२६ मार्च, बुधवार

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटत होतं, मोतीबिंदू असणार, लाल-हिरव्यात गोंधळ होत असणार. डॉक्टर म्हणाल्या, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. म्हणजे डोळे नाहीत. मग मला दुसरीच भीती वाटायला लागली. आईच्या वडिलांना शेवटी शेवटी असंच व्हायचं, न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगायचे. परतताना रिक्षात बाबांनी माझा हात धरला आणि विचारलं, "मला विसरायला होतंय का गं? खरं सांग." मी म्हटलं, छे, काहीतरीच काय. पण सांगताना माझा आवाज बरोबर नव्हता आणि त्यांना तो कळला असणार. माणसांचे आवाज ओळखण्यातच त्यांची नोकरी गेली.

१ एप्रिल, मंगळवार

मन जड झालंय. बाबा आज म्हणाले, "मला आता गोम कळली. सोबत कुणी असलं की दिवा थांबतो. एकटा गेलो की थांबत नाही. म्हणून मी कडेला उभा राहतो. कुणी तरणंताठं आलं की त्याच्याबरोबर पाऊल टाकतो. तो पुढे निघून जातो, पण तोवर माझं अर्धं झालेलं असतं."

दिव्याचं कसलं आलंय, हा एकटेपणा बोलतोय. आई गेली, मी दिवसभर ऑफिसात, आणि घरी आले की तोंडात आकडे. रात्रीचं जेवण तरी फोन बाजूला ठेवून करायचं, असं ठरवलं. शिंपीकाकांनाही फोन केला, की बाबांकडे जरा लक्ष ठेवा, मनाने खचलेत. काका म्हणाले, "खचलाय? काल माझा वजीर मारला त्याने! पण हो, येतो तेव्हा घामाघूम असतो. दहा मिनिटं बोलत नाही."

३ एप्रिल, गुरुवार

सव्वीस चौक १४ तारखेला, सोमवारी सकाळी दहाला एकदम सुरू करायचं ठरलं. महापौर येऊन बटण दाबणार. आमच्या चौकाचे आकडे मोठ्या फलकावर लावायचेत. थांबण्याची वेळ निम्मी. पायी रस्ता ओलांडणारे तेवीस टक्क्यांनी कमी झालेत. साहेब म्हणाले, "हे कशामुळे?" मला नक्की माहीत नव्हतं. म्हटलं, लोक पुढच्या पादचारी पुलावरून जात असतील. "मग 'पुलाचा वापर वाढला' असं लिहा," म्हणाले. लिहिलं.

फक्त सावलीचा रकाना डोळ्यांत खुपतो. रोज चाळीस-पन्नास नोंदी. महापौरांनी विचारलं तर काय सांगायचं? उद्यानवाल्यांना झाड काढायचं पत्र दिलं.

७ एप्रिल, सोमवार

झाड गेलं. बाबा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "त्याच्या खाली नऊ उन्हाळे काढले मी." मला अपराधी वाटलं, पण काम काम आहे. शिंपीकाका आता दुकानात घामाने निथळत शिवणार आणि मला शिव्या घालणार.

९ एप्रिल, बुधवार

चमत्कारिक प्रकार आहे. झाड नसताना सावल्या संपायला हव्यात. रोजच्या चाळीस गेल्या, पण दोन उरल्या. काल दोन, आज दोन. काल पावणेअकरा आणि साडेबारा. आजही पावणेअकरा आणि साडेबारा, एखाद्या मिनिटाचा फरक. इतक्या वक्तशीरपणे कुठली सावली येते? मागची पानं काढली. झाड होतं तेव्हाही या दोन वेळा जवळजवळ रोज आहेतच, फक्त बाकीच्या गर्दीत दिसल्या नव्हत्या. रविवारी मात्र नाहीत.

कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, एखाद्या दुकानाचं उघडमिटीचं छत असेल, रविवारी उघडत नसतील. पटण्यासारखं आहे. चित्र पाहता आलं असतं तर क्षणात कळलं असतं, पण सावल्यांची चित्रं ठेवायची नाहीत हे माझंच शहाणपण. सोमवारचा समारंभ उरकला की एकदा पावणेअकराला स्वतः खाली उभी राहून बघते.

१० एप्रिल, गुरुवार

आज दिवसभर आभाळ होतं. तरी दोन सावल्या. पावणेअकरा, साडेबारा.

कॅमेऱ्याची काच पुसून घ्यायला सांगितलं.

१२ एप्रिल, शनिवार

काल लिहिता आलं नाही.

काल दुपारी बाबा परत येताना चौकात पडले. पडले म्हणजे टेम्पोने उडवलं. बाबांनी हात केला म्हणून कडेची बस थांबली होती. बसच्या आडून टेम्पो आला. त्याला हिरवा होता. मांडीचं हाड मोडलंय, दोन बरगड्या गेल्यात, डोक्याला सहा टाके. उद्या-परवा ऑपरेशन, पण या वयात भूल झेपेल की नाही ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत. शिंपीकाका गळ्यात मोजपट्टी घेऊनच रुग्णवाहिकेत बसून आले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आज सकाळी एक पोलीस जबाब घ्यायला आला. बाबांना धाप लागत होती, तरी त्याला म्हणाले, "टोपी सरळ कर आणि लिही. टेम्पोवाल्याचा दोष नाही, त्याला हिरवा होता, मी पाहिलं. दिवा बरोबर आहे. माझी मुलगी तो दिवा बघते. मलाच हल्ली नीट समजत नाही. चूक माझी." आणि सही केली.

दुपारी साहेबांचा फोन. आधी चौकशी, मनापासून केली. मग म्हणाले, सोमवारच्या आत अपघाताचा अहवाल लागेल, दोन ओळींचा, यंत्रात काय नोंद आहे तेवढाच. मी ऑफिसात गेले आणि साडेबाराचं पान काढलं.

वेळ बारा एकतीस. पट्ट्यांवर माणसं: शून्य.

पुढच्या रकान्यात: सावली, एक. शिंपीकाकांच्या बाजूने सुरू. रोजच्या या वेळच्या सावल्या या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत जातात. ही रस्त्याच्या मधोमध संपली होती.

वीस फूट, पंधरा सेकंद. बेल वाजवून दारात उभी राहून मी स्वतः मोजलं होतं, इथेच लिहिलंय, आणि वर हसले होते. सेकंदाला दीड फुटाच्या आत. माझ्याच हाताने घातलेल्या नियमाने यंत्र महिनाभर मला रोज दोनदा सांगत होतं आणि मी काच पुसायला लावली. झाड तोडलं. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आपण भ्रमिष्ट होतोय असं त्यांना मी वाटू दिलं, याची मला लाज वाटते, इतकी की कुणाला तोंड दाखवू नये असं वाटतं.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी साहेबांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. अगदी नीट ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "तुम्ही झोपला नाहीत. तुमच्या वडिलांनीच जबाब दिलाय की दिवा बरोबर होता. यंत्रही तेच म्हणतंय. आता तुम्हीच नाही म्हणणार?" मी म्हटलं, उद्या सव्वीस चौक सुरू करू नका, निदान दीड फुटाचा नियम काढा. म्हणाले, नियम मंजूर झालेला आहे, त्यावर दोघांच्या सह्या आहेत, समारंभानंतर आठवड्याभरात बैठक घेऊ. आणि दारापर्यंत सोडायला आले. "वडिलांना जपा," म्हणाले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, त्रास होईल असं बोलू नका. पण तो जबाब तसाच ठेवून मला झोप येणार नव्हती. सगळं सांगितलं, झाड, नियम, रकाना. ते छताकडे बघत ऐकत होते. मी रडत होते म्हणून मधूनमधून हात थोपटत होते.

मग विचारलं, "किती वाजता लिहायचं ते मला?"

"पावणेअकरा आणि साडेबारा."

"रोज?"

"रोज. रविवार सोडून."

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "म्हणजे मला विसरायला होत नव्हतं."

"नाही बाबा."

"अर्ध्यातच सोडायचा ना तो गाड्यांना?"

"हो. सोडायचा."

चेहरा इतका मोकळा झाला होता की मला ते बघवेना. शेवटी पोलिसाच्या आवाजात म्हणाले, "कागद आण. खोटा जबाब दिलाय मी, आयुष्यात पहिल्यांदा. दुसरा लिहून घे." मी लिहिला, त्यांनी सही केली. पेन परत देताना म्हणाले, "आणि उद्या जे चालू होतायत, तिथे उभं कोण राहणार?"

१४ एप्रिल, सोमवार

ऑफिसातच लिहितेय. पहाटेपासून आभाळ गच्च भरलंय.

नऊ वाजता बाबांना ऑपरेशनला आत नेलं. शिंपीकाका बाहेर बसलेत. आज पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, "तू जा. इथे मी आहे." नवा जबाब आणि माझं पत्र साहेबांना हातात दिलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि हार आणायला माणूस गेला की नाही ते विचारलं. दहाला महापौरांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या.

वायरमनला सगळं सांगितलंय. तो जुडगा घेऊन खाली गाडीत बसलाय. म्हणाला, "नोकरी जाईल मॅडम." मी म्हटलं, जाऊ दे. म्हणाला, "तुमची नाही, माझी म्हणतोय. चला." आमच्या चौकातली धरून सत्तावीस पेट्या आहेत, एकेकीला किल्ली लावून दिवे जुन्या वेळांवर न्यायचे. आधी कुठे जायचं ते ठरवायला पडद्यावर रकाना उघडला.

पावणेअकरा झालेत. सव्वीस चौक मिळून सावल्या, एकशे बारा. त्यातल्या एकतीस रुग्णालयासमोरच्या चौकात. बाहेर ऊन कुठेच नाही.